मुरमाची वाट आणि कार्बनचे चाक

माउंटन बाइकला कार्बनची चाके लावणे फायद्याचे आहे का, या प्रश्नाची चर्चा गेली पंधरा-वीस वर्षे होत आली असली, तरी ती बहुधा युरोप-अमेरिकेतील राखलेल्या डोंगरवाटा, तिथली कोरडी हवा, तिथली दुकाने आणि तिथले उत्पन्न गृहीत धरूनच होते. हाच प्रश्न पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तलासरी तालुक्यातील उधव्याच्या आणि लगतच्या डहाणू तालुक्याच्या चढउतारांवर नेऊन ठेवला, तर त्याची मांडणी पुष्कळ बदलते, कारण चाकाचे मोल जेवढे तराजूवर ठरते तेवढेच ते वाटेच्या प्रकृतीवर आणि मोडलेले चाक जिथे नीट होऊ शकेल त्या जागेच्या अंतरावरही ठरते. हा आढावा त्या तीन बाजू एकत्र ठेवून घेतला आहे. आरंभीच स्पष्ट केले पाहिजे की ज्याला बोलताना कार्बनचे चाक म्हटले जाते, त्यात सहसा फक्त रिम, म्हणजे टायर बसवण्याचे बाहेरचे कडे, कार्बनची असते. मधला हब बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा आणि हबापासून रिमपर्यंत जाणाऱ्या तारा, म्हणजे आरे, पोलादाच्याच असतात.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात डहाणू, घोलवड आणि बोर्डीची चिकूची वाडी-वस्ती समुद्राला लागून आहे, मधून पश्चिम रेल्वे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, आणि महामार्गाच्या पूर्वेला वारली पाड्यांचा डोंगराळ पट्टा सुरू होतो. उधवा या पूर्वेकडच्या पट्ट्यात, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीपासून फार दूर नसलेले गाव आहे. एप्रिल २०१३ पासून मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्यामुळे हा भाग मुंबईकर सायकलस्वाराच्या एका दिवसाच्या आवाक्यात आला आहे, आणि उत्तरेकडून वापी-सिल्वासाही जवळच आहेत. येथील वाटा मात्र डोंगरी सायकलिंगसाठी आखलेल्या नाहीत. त्या पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या, शेतीच्या बांधांवरून, सागाच्या जंगलातून आणि मुरमावरून जाणाऱ्या रोजच्या वहिवाटीच्या वाटा आहेत.

अमेरिकेतील एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेने सायकलींची वापरानुसार वर्गवारी केली आहे. तिच्यात दुसरा वर्ग कच्च्या रस्त्यांसाठी आहे, आणि खडबडीत पायवाटा व ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या तिसऱ्या वर्गात मोडतात. उधव्याच्या आसपासचे बहुतेक सायकलिंग या दोन वर्गांच्या सीमेवरचे आहे. उंच कडे, बांधीव उड्या आणि वेगाने उतरण्याचे लांब मार्ग येथे नाहीत. पण दोन गोष्टी अशा आहेत की त्या रिमला उड्यांपेक्षाही अधिक जाचतात. पहिली म्हणजे खडीकरण झालेला पण डांबर न पडलेला रस्ता, ज्यावर नुकत्याच फोडलेल्या काळ्या दगडाचे धारदार तुकडे सुटे पसरलेले असतात. दुसरी म्हणजे मोरी. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्याने मोरीच्या दोन्ही बाजूंचा भराव वाहून जातो आणि सिमेंटच्या स्लॅबची कड चार-सहा बोटे उघडी पडते. उतारावरून वेगात येणाऱ्याला ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. येथे रिम कशाने मोडेल याचा विचार करताना परदेशी जाहिरातींतील उड्यांची चित्रे दूर ठेवून ही उघडी कड डोळ्यांसमोर आणली पाहिजे.

अशा कडेवर चाक आदळते तेव्हा काय होते, हे समजण्यासाठी चाकाची रचना थोडी पाहावी लागते. बैलगाडीच्या लाकडी चाकात तुंब्यावरचा भार खालचे आरे दाब सोसून पेलतात आणि भोवतीची लोखंडी धाव सगळ्यांना आवळून धरते; सायकलच्या चाकात मात्र आरे दाब सोसूच शकत नाहीत, कारण ते जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या तारा असतात. प्रत्येक तार साधारण १०० ते १२० किलोग्रॅम वजनाइतक्या ताणाने आधीच ओढून बसवलेली असते, माउंटन बाइकच्या चाकात अशा २८ किंवा ३२ तारा असतात, आणि त्या सगळ्यांच्या ओढीने रिम चहूबाजूंनी आत दाबली जाते. स्वाराचा भार आला की जमिनीलगतच्या काही तारांचा ताण कमी होतो, एवढाच काय तो बदल. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे गणिताने मांडले. त्यातून निघणारा निष्कर्ष या विषयात कळीचा आहे: रिम जितकी ताठ, तितका भार अधिक तारांवर पसरतो, खालच्या तारांचा ताण कमी प्रमाणात घटतो, आणि सतत सैल-घट्ट होण्याने तार थकून तुटण्याची शक्यता कमी होते. कार्बनच्या बाजूने जे काही बोलले जाते त्यातील हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि जाहिरातींत त्याला सर्वांत कमी जागा मिळते.

रिमच्या साहित्याचा इतिहासही येथे उपयोगी पडतो. भारतात ज्या काळ्या रोडस्टर सायकलींवर गावोगावच्या पिढ्या वाढल्या, त्यांच्या रिमा पोलादाच्या, ६३५ मिलिमीटर बैठकीच्या, आणि पुढच्या चाकात ३२ तर मागच्यात ४० तारा अशा ब्रिटिश वळणाच्या होत्या. त्या जड होत्या, पण वाकल्या तर ठोकून सरळ होत असत. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रिपॅक’ नावाची उतारावरची पहिली शर्यत झाली, तेव्हा तिथल्या तरुणांच्या जुन्या सायकलींनाही पोलादी रिमाच होत्या. १९८० च्या सुमारास अराया आणि उकाई या जपानी उत्पादकांच्या २६ इंची ॲल्युमिनियम रिमा उपलब्ध झाल्या आणि माउंटन बाइक खऱ्या अर्थाने चढ चढू लागली. पुढच्याच वर्षी बाजारात आलेली स्पेशलाइज्डची स्टंपजंपर या बदलाचे फळ होती. पोलादाकडून ॲल्युमिनियमकडे जाताना वजन, ब्रेक आणि गंज या तिन्ही बाबतींत एकाच वेळी मोठा लाभ झाला. ॲल्युमिनियमकडून कार्बनकडे जाण्यातही तेवढीच मोठी झेप आहे, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ही पायरी पुष्कळ लहान आहे.

कार्बनची रिम कशी घडते हे पाहिले की तिची ताकद आणि तिची किंमत दोन्ही उलगडतात. ५ ते १० मायक्रोमीटर व्यासाचे कार्बनचे तंतू एका दिशेला लावून त्यांत इपॉक्सी नावाची राळ मुरवलेले पट्टे तयार केले जातात, ते ठरावीक कोनांत एकावर एक हाताने साच्यात बसवले जातात, आणि मग उष्णता व दाब देऊन राळ कडक केली जाते. तंतू त्याच्या लांबीच्या दिशेने ओढ सोसण्यात विलक्षण बळकट असतो, आडव्या दिशेने मात्र थरांना राळच धरून ठेवते. म्हणून कोणत्या जागी किती पट्टे आणि कोणत्या कोनात, यावरच रिमची गुणवत्ता ठरते. ॲल्युमिनियमची रिम याउलट साच्यातून दाबून काढलेल्या एकसारख्या छेदाच्या पट्टीला गोल वळवून आणि सांधून केली जाते, त्यामुळे तारांच्या भोकांभोवती जाडी वाढवणे आणि इतरत्र कमी करणे तिथे अवघड जाते. घनतेचा फरकही लक्षात घ्यावा: ॲल्युमिनियमची घनता घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम, तर कार्बन आणि राळेच्या मिश्रणाची सुमारे १.६ ग्रॅम.

आता वजनाचा मुद्दा. २९ इंची चाकांच्या जोडीत, तुल्यबळ ॲल्युमिनियमच्या तुलनेत कार्बनची रिम घेतल्याने बहुधा दोनशे ते चारशे ग्रॅम वाचतात. सोयीसाठी हा आकडा ३०० धरू. स्वार, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो धरले, तर ही बचत एकूण वजनाच्या ०.३५ टक्के होते. संथ आणि सलग चढावर लागणारा वेळ जवळजवळ वजनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तासाभराच्या चढात यामुळे १२-१३ सेकंद वाचतील. चाक फिरते, म्हणून त्याच्या कडेवरचे वजन दुप्पट मोजावे असे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे, पण केवळ वेग वाढवताना: कडेवरच्या वजनाला पुढेही ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते, म्हणून वेग घेताना ३०० ग्रॅमचा परिणाम ६०० ग्रॅमइतका होतो. ८५ किलोंच्या हिशेबात तो ०.७ टक्के भरतो. चाके हलकी झाल्याची जाणीव पेडलवर उभे राहून झटका देताना लगेच होते, आणि ती जाणीव खोटी नाही. पण जाणीव आणि लाभ यांची मापे वेगळी आहेत, आणि खरेदीचा निर्णय बहुतेक वेळा जाणिवेवर होतो.

याच्या शेजारी टायरचा हिशेब मांडला की चित्र अधिक स्पष्ट होते. टायर जमिनीवर लोटताना दबतो आणि पुन्हा फुगतो, आणि या क्रियेत तो स्वाराची काही शक्ती खातो. यालाच लोटणरोध म्हणता येईल. माउंटन बाइकच्या दोन वेगवेगळ्या टायरांच्या लोटणरोधातील फरक १० वॅट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो, आणि मध्यम ताकदीचा स्वार सलगपणे १५० वॅटच्या आसपास शक्ती देत असतो, हे लक्षात घेतले तर टायरची निवड रिमच्या निवडीपेक्षा कितीतरी मोठा फरक घडवते. ट्यूबच्या बाबतीतही तसेच. २९ इंची चाकाची साधी ट्यूब सुमारे २०० ग्रॅमची असते; ती काढून टायर थेट रिमवर हवाबंद बसवला आणि छिद्रे बुजवणारे द्रव सीलंट शंभरेक ग्रॅम घातले, तर दोन चाकांत मिळून सुमारे २०० ग्रॅम वाचतात, तेही जवळजवळ रिमच्याच अंतरावर. याला ट्यूबलेस पद्धत म्हणतात. कार्बन रिमच्या बचतीचा दोन-तृतीयांश भाग अशा रीतीने काही हजार रुपयांत हाती येतो, शिवाय करवंदीच्या आणि बाभळीच्या काट्यांपासून सुटका होते, आणि हवेचा दाब कमी ठेवता येत असल्याने मुरमावर पकडही वाढते. उधव्याच्या पट्ट्यात फिरणाऱ्या ज्या स्वाराने अजून ट्यूब काढलेली नाही, त्याने कार्बनचा विचार करणे हा क्रम उलटा लावण्याचाच प्रकार होईल.

ताठपणाबद्दल दोन परस्परविरोधी समजुती प्रचलित आहेत. कार्बनचे चाक वळणावर नेमके वागते, अशी एक. आणि ते हाताला हादरे देते, अशी दुसरी. पहिलीत तथ्य आहे, कारण बाजूने येणाऱ्या भाराला ताठ रिम कमी झुकते. परंतु चाकाचा बाजूकडील ताठपणा तारा किती रुंद पायावरून येतात यावरही अवलंबून असतो, आणि गेल्या दशकात ११० आणि १४८ मिलिमीटर रुंदीचे ‘बूस्ट’ हब रूढ झाल्यापासून ॲल्युमिनियमच्या चाकांनाही तो लाभ मिळाला आहे. दुसऱ्या समजुतीकडे अधिक काळजीने पाहावे लागते. उभ्या दिशेने पाहिले तर सगळ्याच सायकलींची चाके टायरच्या मानाने इतकी ताठ असतात की दीड-दोन बार दाबाचा रुंद टायरच जवळपास सगळा हादरा घेतो. तरीही खडकाळ उतारावर फार ताठ रिमा स्वाराला थकवतात आणि दगडांवरून चाक उसळते, असा अनेक अनुभवी स्वारांचा अभिप्राय राहिला, आणि उत्पादकांनीही तो मान्य केल्यासारखे दिसते: झिप या कंपनीने २०१९ साली मुद्दाम पिळवटू शकणारी, एकेरी भिंतीची कार्बन रिम बाजारात आणली, आणि क्रँकब्रदर्सने पुढच्या चाकाची रिम मागच्यापेक्षा लवचीक ठेवली. जागतिक पातळीवरील उताराच्या शर्यतींतही ज्यांना हवी ती चाके विनामूल्य मिळू शकतात असे कित्येक स्वार आजही ॲल्युमिनियमच्या रिमा पसंत करतात. ताठपणा हा आपोआप गुण ठरतो, ही धारणा त्यामुळे सोडून द्यावी लागेल.

मोडण्याच्या रीतीत दोन्ही साहित्यांचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे, आणि निर्णयाचे मर्म येथेच आहे. ॲल्युमिनियम मर्यादेपलीकडचा मार बसला की वाकते आणि वाकलेले राहते. मोरीच्या कडेवर आदळलेल्या ॲल्युमिनियम रिमच्या काठाला पोचा पडतो. त्यातून हवा झिरपू लागली तर पकडीने काठ हलकेच मागे वळवून, थोडे सीलंट घालून घरापर्यंत पोहोचता येते. कार्बन वाकत नाही. ते मारानंतर पुन्हा मूळ आकारात येते आणि दुसऱ्या दिवशीही चाक तितकेच सरळ फिरते, किंवा मग तडकते. म्हणजे लहान-मध्यम फटक्यांच्या दीर्घ मालिकेत कार्बन सरस ठरते, कारण ॲल्युमिनियमची रिम पोचा पोचा साठवत जाते आणि तारांच्या भोकांपाशी हळूहळू थकतही जाते. उलट एकाच मोठ्या, धारदार फटक्यात कार्बनची हानी अचानक आणि पूर्ण होऊ शकते. सुरुवातीच्या कार्बन रिमांची बदनामी याच कारणाने झाली. २००७ मध्ये एज नावाने सुरू झालेली आणि पुढे एन्व्ही म्हणून ओळखली गेलेली युटातील कंपनी, तसेच २०१८ च्या सुमारास रिझर्व्ह चाके आणणारी सांता क्रूझ, यांसारख्या उत्पादकांनी नंतर रिमचा काठ रुंद आणि बोथट केला, भोकांभोवती थर वाढवले, आणि काही रिमा जुन्या ॲल्युमिनियमइतक्या जड होऊ दिल्या. आजची चांगली कार्बन रिम भंगुर आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र ज्या रिमा टिकतात त्या फारशा हलक्या नसतात, आणि ज्या फार हलक्या असतात त्या सुट्या खडीसाठी नसतात.

कार्बनला बसलेला मार डोळ्यांना दिसेलच असे नाही, म्हणून तपासणीची सवय लावून घ्यावी लागते. फटका बसल्यावर टायर उतरवून काठावरून नखाचे टोक फिरवावे, केसासारखी रेघ लागते का ते पाहावे, आणि मग नाण्याने रिमवर हलके ठोकत एक फेरी पूर्ण करावी. साबूत जागी आवाज टणक येतो. जिथे आतले थर सुटले आहेत तिथे तो एकदम बद्द होतो. ट्यूबलेस चाकात आणखी एक खूण मिळते: तारेच्या भोकातून सीलंटचा पांढरा थेंब बाहेर येऊ लागला, तर आतली फीत उसवली असेल किंवा रिमचा तळ तडकला असेल, आणि दोन्ही शक्यता तपासून झाल्याशिवाय त्या चाकावर उतार घेऊ नये. टायरच्या आत रिमच्या कडेने बसवायचा फोमचा कडा, ज्याला इन्सर्ट म्हणतात, तो वजन वाढवतो खरा, पण खडी आणि मोरीच्या या मुलखात कार्बन रिमसाठी तो जवळजवळ अनिवार्य मानावा. तो बसवल्यावर वजनाची बचत बरीचशी संपते, ही गोष्ट उघडपणे मान्य केली पाहिजे.

डहाणू किनाऱ्याचा संदर्भ आला की खाऱ्या हवेचा प्रश्न येतो, आणि हा भाग परदेशी चर्चांत अगदीच उपेक्षित राहतो. कार्बन विजेचे वाहक आहे आणि विद्युत-रासायनिक क्रमवारीत ते ॲल्युमिनियमच्या पुष्कळ वर बसते. दोघांचा स्पर्श होऊन मध्ये मिठाचे पाणी आले की एक लहानसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. कार्बन रिममध्ये तारेचे टोक ज्या बारीक मळसूत्री टोपीत, म्हणजे निप्पलमध्ये, अडकवलेले असते ते हलकेपणासाठी पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असते, आणि ते नेमके कार्बनला टेकलेले असते. बोर्डीच्या पुळणीवर ओल्या वाळूतून फेरफटका मारून चाके तशीच ठेवली, किंवा जून ते सप्टेंबर अशी चार महिन्यांची दमट हवा लागली, की निप्पलभोवती पांढरी भुकटी जमते आणि एखाद्या दिवशी तार घट्ट करताना ते चुरा होऊन हातात येते. यावर उपाय सोपा आहे: पितळेची निप्पल. दोन्ही चाकांत मिळून त्यांनी साधारण ३५-४० ग्रॅम वजन वाढते. या किनाऱ्यावर कार्बन घेणाऱ्याने पितळेचा आग्रह धरावा, आणि विक्रेता तो मानत नसेल तर चाक घेऊ नये, इतके हे महत्त्वाचे आहे.

दुरुस्तीच्या बाबतीत गावाकडची परंपरा समृद्ध आहे. सायकल उलटी टेकवून, चाक गरगर फिरवून, रिमजवळ खडूचा तुकडा स्थिर धरणारा आणि जिथे पांढरा ओरखडा उठेल तिथल्या तारा पाव-पाव फेऱ्याने आवळत ‘आऊट’ काढणारा कारागीर तालुक्याच्या ठिकाणी अजूनही भेटतो. ॲल्युमिनियमच्या चाकाला हे कौशल्य जसेच्या तसे लागू पडते. कार्बनच्या चाकातही ताराच असल्याने तत्त्व तेच आहे; पण रिम स्वतः वाकत नसल्याने चाक आऊट झाले तर कारण तारेत किंवा तडकलेल्या रिममध्ये शोधावे लागते, अंदाजाने आवळत गेल्यास भोकाशी रिम फुटू शकते, आणि ताण मोजण्याचे उपकरण वापरावे लागते. शिवाय या चाकांच्या तारांची लांबी प्रत्येक हब-रिम जोडीगणिक वेगळी असते, म्हणून तुटलेली तार कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. त्या सायकलींचे चाक गावात नीट होते म्हणूनच त्या चालत राहतात आणि मुलगी शाळेत पोहोचते. हौसेची सायकल आणि गरजेची सायकल यांत अंतर मोठे असले, तरी वाट एकच आहे, आणि त्या वाटेवर अर्ध्यात चाक मोडले तर दोघांनाही सारखेच पायी चालावे लागते.

किमतीचा विचार आता करता येईल. नामांकित कंपन्यांच्या कार्बन चाकांची जोडी परदेशात साधारण एक हजार ते अडीच हजार डॉलरना मिळते, चीनमधील कारखान्यांकडून थेट मागवलेली त्याहून बरीच स्वस्त पडते, आणि उत्तम ॲल्युमिनियमची जोडी यांतील पहिल्या आकड्याच्या निम्म्यात येते. भारतात वाहतूक आणि कर त्यावर चढतात. पूर्ण बांधलेल्या आयात सायकलींवरील सीमाशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के झाले. वस्तू व सेवा कर मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये सायकली आणि त्यांच्या भागांवर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हा स्वागतार्ह बदल आहे. काही उत्पादक पहिल्या ग्राहकाला आयुष्यभराची हमी देतात, आणि कार्बनच्या बाजूने पारडे झुकवणारी ही सर्वांत ठोस गोष्ट आहे, कारण दर दोन हंगामांत ॲल्युमिनियमची मागची रिम बदलणाऱ्या जड किंवा आक्रमक स्वाराला दीर्घकाळात कार्बनची रिमच स्वस्त पडू शकते. पण हमी कागदावर किती आहे यापेक्षा ती पाळणारा वितरक देशात आहे का, चाक पाठवण्याचा खर्च कोण सोसणार आणि बदली रिम येईपर्यंत किती महिने जाणार, हे विचारले पाहिजे. जुने कार्बन चाक घेताना ही हमी बहुधा हस्तांतरित होत नाही, आणि आतले थर कसे आहेत हे पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून वापरलेल्या कार्बन रिमा टाळाव्यात, एवढे निरपवादपणे म्हणता येईल.

पर्यावरणाचा मुद्दा थोडक्यात नोंदवावा लागेल, विशेषतः जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या डहाणू तालुक्याच्या संदर्भात. मोडलेली ॲल्युमिनियमची रिम भंगारवाला पैसे देऊन नेतो, आणि ती वितळवून नवे ॲल्युमिनियम करण्यास खनिजापासून करण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. मोडलेल्या इपॉक्सी-कार्बनच्या रिमला असा मार्ग नाही, कारण एकदा कडक झालेली ही राळ पुन्हा वितळत नाही. पुन्हा वितळू शकणाऱ्या राळेच्या रिमा युटातील सीएसएस काँपोझिट्सने फ्यूजनफायबर या नावाने आणल्या आहेत. दिशा चांगली आहे, पण त्या अजून सर्वसामान्य झालेल्या नाहीत.

या सर्व बाजू एकत्र ठेवल्या, तर उधवा-तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात सुटीच्या दिवशी फिरणाऱ्या, पाड्यांच्या वाटा हिंडणाऱ्या बहुसंख्य स्वारांसाठी कार्बनची चाके सार्थ ठरत नाहीत, असाच निर्णय द्यावा लागतो. त्याच पैशात चांगले टायर, ट्यूबलेस जोडणी, २५ ते ३० मिलिमीटर आतल्या रुंदीची ३२ तारांची ॲल्युमिनियमची चाके हाताने नीट ताणून बांधून घेता येतात, आणि तरीही उरलेल्या रकमेत ब्रेक किंवा पुढचा सस्पेन्शन काटा सुधारता येतो. क्रॉस-कंट्री शर्यतींत, म्हणजे चढउतारांच्या फेऱ्यांच्या स्पर्धेत, उतरणाऱ्या स्वाराची गोष्ट वेगळी आहे. तिथे वळणागणिक वेग पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, १२ सेकंदांनी क्रमांक बदलतो, आणि हलके चाक हे त्याच्या कामाचे साधन आहे. त्याने ते जरूर घ्यावे, मात्र शर्यतीसाठी राखून ठेवावे आणि सरावाची चाके ॲल्युमिनियमचीच वापरावीत.

ज्याला कार्बनचा लाभ हवा आहे पण धोका आटोक्यात ठेवायचा आहे, त्याच्यासाठी एक मधला मार्ग आहे, आणि तो जेवढा वापरला जावा तेवढा वापरला जात नाही. स्वाराचे अधिक वजन मागच्या चाकावर असते आणि पुढचे चाक उचलून किंवा चुकवून नेले तरी मागचे खडीवर आणि मोरीच्या कडेवर आदळतेच, म्हणून बहुतेक रिमा मागेच मोडतात; दिशा धरण्यासाठी लागणारा नेमकेपणा मात्र पुढच्या चाकातून येतो. तेव्हा पुढे मध्यम वजनाची, फार ताठ नसलेली कार्बन रिम आणि मागे जाड काठाची, इन्सर्ट घातलेली ॲल्युमिनियमची रिम अशी जोडी बांधावी, दोन्हींत पितळेची निप्पल घालावीत, दोन्ही चाकांना लागणाऱ्या लांबीच्या चार-चार जादा तारा बांधणाऱ्याकडूनच मागून घ्याव्यात आणि त्या सायकलच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवाव्यात, म्हणजे डहाणू तालुक्यातल्या सायवन गावाच्या पुढे एखादी तार तुटली तरी ती बदलण्यासाठी मुंबई गाठावी लागणार नाही.